जित्या सवतीची गिन्नी

देऊळगाव राजा
वैशाख वद्य द्वितीया, शके १८५७

वच्छलाबाईंस,

तुमच्या नावाच्या आधी काय लिहावं, याच्यात माही अर्धी सकाळ गेली. सौ. लिहावं तर ह्या घरात तुमाले मरून सोळा वरसं झाली. कै. लिहावं तर खुर्शीदाबी शपथ घेऊन सांगते का मागच्या बाजाराच्या दिवशी तिनं तुमच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, अन् तुम्ही एक बांगडी वरून मागून लय घासाघीस केली. मेलेलं माणूस बांगडीसाठी घासाघीस करत नाही. म्हणून नुसतंच नाव लिहिलं.

मी झुंबर. तुमच्या घरधन्याची दुसरी बायको. शाळेत चार बुकं शिकली म्हणून लिहिता येते, पण हात बोलण्यावरच जाते, तवा शुद्ध-अशुद्ध पाहू नोका. तुमाले वाचता येते अन् लिहिता येत नाही, असं खुर्शीदाबी म्हणे. चालते. मी टपालानं लिहीन, तुम्ही वाचा, अन् सांगायचं ते तिच्यापाशी सांगा. मनियाराची बाई आहे, कादरभाईच्या गाडीत बसून बाजारोबाजार फिरते. धामणगाव बढ्याहून आमच्या गावापर्यंत तिची फेरी होतेच.

आता मुद्द्याचं. माह्या गळ्यात तुम्ही आहा.

लग्नाच्या दिवशीच सासूबाईनं घातलं. दुसरेपणावर आलेल्या पोरीच्या गळ्यात मेलेल्या पहिलीच्या नावाचं सोनं घालतात, हे तुमाले मी काय सांगू. कोणाची साधी पुतळी असते, कोणाचा टाक असते. माह्या गळ्यात राणीच्या तोंडाची गिन्नी आहे. सवत म्हणजे बाईचंच तोंड पाहिजे, म्हणून ती निवडली म्हणे. डोक्यावर पदर, त्याच्यावर इवलासा मुकुट, अन् नाकात बारीक कोरलेली नथ. मागच्या अंगाले घोड्यावरचा स्वार. आम्ही त्याले खंडेरायच समजत होतो. रोज आंघोळ झाली का आधी त्या राणीले हळद-कुंकू, मंग मले. नवं लुगडं आधी तिच्यावर ठेवायचं, मंग नेसायचं. भाद्रपदात अविधवा नवमीले तुमच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची. हे सगळं मी केलं, अन् मन लावून केलं. उगाच बढाई नाही मारत.

अखाजीच्या दुसऱ्या दिवशी इथल्या शाळेत बादशहाची जुबिली झाली. गादीवर बसून पंचवीस वरसं झाली म्हणून पोराईले साखर वाटली, झेंडे लावले. आम्ही बाया ओसरीत बसलो होतो. रंगराव मास्तर भाषणाले उभे राह्यले, ते बसायचं नावच घेईनात. सांगता सांगता ते बादशहाच्या आजीवर गेले. तिची म्हणे पन्नास वरसाची जुबिली झाली होती, अन् त्या साली विलायतेत सोन्याच्या गिन्नीवर तिचं नवं चित्र पाडलं. डोक्यावर पदर अन् लहान मुकुट. त्याच्याआधीच्या गिन्नीवर तिचं तरण्या वयातलं बोडकं डोकं होतं. मास्तरची बायको सरस्वतीबाई माह्या शेजारीच बसली होती. तिनं मले कोपरानं ढोसलं.

मंग तिच्या घरी गेलो. तिनं मास्तरचं भिंग आणलं अन् माह्या गळ्याशी वाकून साल वाचलं. अठराशे सत्त्याऐंशी. मास्तर दाराआडून म्हणे, हीच ती जुबिलीची गिन्नी. मागचा स्वार खंडेराय नाही, तिकडचा कोणी संत आहे, अन् तो अजगरासारख्या राक्षसाले मारून राह्यला. अन् राणीचा नवरा तर जुबिलीच्या लय आधी गेला होता. तवापासून ती दुखवट्याचेच कपडे घाले. तो पदर म्हणजे विधवेचा पदर.

म्हणजे पाहा बाई. सवाष्ण मेलेल्या सवतीच्या नावानं मी एका विधवेले रोज कुंकू लावून राह्यली. सरस्वतीबाईनं तोंडाले पदर लावला. मले हसू का रडू कळेना. पण मास्तर आणखी एक बोलून गेले, ते माह्या डोक्यातून जात नाही. म्हणे, राणी तवा चांगली जिती होती. आपल्या नावाचा शिक्का ती आपल्या हातानं उलटापालटा करून पाहू शकत होती.

त्याच आठवड्यात खुर्शीदाबी आली. माह्या लेकीले, कौशल्येले बांगड्या भरताना तिची नजर गिन्नीवर गेली. विचारलं, ही कोण. मी सांगितलं, माही सवत. नाव वच्छला, माहेर धाडच्या अंगाले, मानमोडीच्या साथीत गेली. खुर्शीदाबीचा हात थांबला. म्हणे, धामणगाव बढ्याले एक वच्छलाबाई आहे, गोधड्या शिवते, माहेर धाडकडचंच. मावशीपाशी राहाले आली, मावशी गेली, आता एकटी आहे. बांगड्या भरल्यावर नाव घ्या म्हटलं का शेषरावाचं, म्हणजे आपल्याच घरधन्याचं नाव घेते.

आता तुमाले वाटल, हिले कशाले खाज सुटली. ऐका. कौशल्येच्या आधी माहे दोन लेकरं गेले. एक तीन महिन्याचं, एक पाळण्यात घालायच्याही आधी. दोन्ही खेपेले सासूबाईनं हेच सांगितलं, का थोरली कोपली, थोरलीनं नेलं. मी तुमच्यापुढं नाक घासलं. आठ-आठ दिवस उपाशी राह्यली. तुमाले शिव्याही देल्या, ते खोटं काऊन बोलू. तुम्ही जर जित्या असाल, तर माहे लेकरं कोणी नेले? अन् तुमच्यावर हा आळ कोणी घातला?

मले एकच पाहिजे. तुम्ही जित्या आहा हे चार लोकाईत तुमच्या तोंडून यावं. त्याच दिवशी ही गिन्नी माह्या गळ्यातून निघल. जिती बाई गळ्यात घालून मी मिरवणार नाही.

मी भ्यायली नाही. खुर्शीदाबीपाशी उत्तर द्या.

झुंबर


आषाढ शुद्ध षष्ठी

वच्छलाबाईंस,

खुर्शीदाबी आली. तुमचा निरोप देला. "ती वच्छला मानमोडीत गेली. मले उकरू नोका." एवढंच सांग म्हटलं तुम्ही, अन् तिले चहा पाजला.

पह्यल्यानं मले बरं वाटलं. खोटं नाही सांगत. वाटलं, चला, ही ती नव्हेच, आपला संसार आपला राह्यला. मी पीठ मळायले बसली. तर खुर्शीदाबी बांगड्याचं पेटारं बांधता बांधता म्हणे का, त्याच्याआधी तिनं एक विचारलं. गिन्नीवरच्या राणीले नथ आहे काय, म्हणे.

माहे हात पिठातच राह्यले.

नथीची गोष्ट मी कोणालेच सांगितली नव्हती, पत्रात तुमालेच लिहिली होती. पण खुर्शीदाबी तवा तुमच्यापाशीच होती; म्हणे, पत्र पुरतं वाचायच्या आधीच, गिन्नीचं नाव निघताच तुम्ही विचारलं. मंग मीच तिले खोदून खोदून विचारलं, अन् तुम्ही तिच्यापाशी बोललेलं सगळं निघालं. तुमच्या आजानं जुबिलीच्या साली खामगावच्या बाजारात कपाशी इकून ती गिन्नी आणली. तुमच्या लग्नात बापानं ती तुमच्या गळ्यात घातली. तुम्ही लहान होत्या, रडून बसल्या का राणीचं नाक मोकळं आहे, मले अशी नथीबिगर राणी नोको. मंग बापानं सोनारापाशी बसून नथ कोरून घेतली.

म्हणजे ती गिन्नी तुमचीच. तुमच्याच सोन्यानं तुमाले मारलं. मी इतके दिवस समजत होती का सासूबाईनं हौसेनं नवी घडवली. त्याईनं तुमची पेटी उघडली, एवढंच केलं.

पुढचंही तिनं सांगितलं. पोर होत नाही म्हणून सासूबाईनं तुमाले माहेरी धाडलं. साथीत तुमचं माहेर सगळं गेलं. इथून गडी पाहाले आला, तर त्याले कुलूपबंद घर दिसलं अन् गावकऱ्याईनं सांगितलं का घरातले सगळे गेले. तुम्ही तवा शेजारच्या वाडीत कोणाच्या गोठ्यात तापानं पडल्या होत्या. इथपर्यंत कोणाची चूक म्हणता येत नाही. माणसं पटापट मरत होती, कोण कोणाले मोजते.

पण तुम्ही बऱ्या झाल्या अन् इथं आल्या. माह्या लग्नाले आठच दिवस झाले होते.

मले तो दिवस आठवते. दारात एक बाई उभी होती. डोक्यावरचे केस गेलेले, डोळे आत. सासूबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या. मी मागून विचारलं कोण आहे, तर म्हणे भिकारीण आहे, साथीतून उठलेली आहे, जवळ नोको येऊ. मी चुलीपाशी गेली, एक भाकर अन् ठेचा आणला अन् दुरूनच हातावर टाकला. तुम्ही माह्या तोंडाकडं नाही पाह्यलं. माह्या गळ्याकडं पाह्यलं. मले तवा वाटलं, काय हावरी बाई आहे, सोन्याकडंच पाहते.

तुम्ही खुर्शीदाबीले सांगितलं म्हणे, "तिले सांग, तिनं देलेली भाकर मी बाजाराच्या झाडाखाली बसून खाल्ली. म्हणून धामणगावपर्यंत पोचली." वच्छलाबाई, हे ऐकून मी रडली. मले रडता येत नाही असं माही माय म्हणे, तरी रडली.

आता मी सोडणार नाही. तुम्ही उकरू नोका म्हणता. अवं, पुरलं असतं तर उकरलं असतं. तुमाले पुरलं कोणी?

झुंबर


आषाढ वद्य नवमी

थोरल्या बाईंस,

त्याईले विचारलं.

शेतातून आले, पाय धुतले, ताटावर बसले. पह्यला घास तोंडात घालायच्या आधी मी म्हटलं, धामणगाव बढ्याले वच्छलाबाई गोधड्या शिवते. त्याईचा हात ताटातच राह्यला. मी समजली. ज्याले माहीत नसते तो आधी विचारते, कोण वच्छला.

मी अंगावर ओरडली नाही. माहा आवाज मोठा आहे, सगळी आळी ओळखते, पण त्या वक्ती हळूच निघाला. मी विचारलं, ती दारात आली तवा तुम्ही कोठी होते. तर म्हणे, माजघरात. ऐकत होते. सासूबाईनं तुमाले जे म्हटलं, ते सगळं त्याईनं ऐकलं. "मेलेलं माणूस दारात उभं राहत नाही." हे वाक्य तुम्ही खुर्शीदाबीले सांगितलं होतं, तेच त्याईनं जसंच्या तसं सांगितलं.

मी म्हटलं, मंग बाहेर काऊन नाही आले?

"माय होती. मायपुढं मी काय बोलणार होतो?"

"आता तर माय नाही. सहा वरसं झाली."

मंग त्याईनं जे सांगितलं ते ऐका, कारण त्याच्यात माहाही वाटा आहे. माह्या बापानं अट घातली होती. नांदत्या सवतीवर पोरगी देणार नाही. त्याच्यासाठीच तुमची गिन्नी गळ्यात घालून दाखवली, का पाहा, पहिली गेली, ही तिची खूण. लग्न झाल्यावर तुम्ही आल्या. तुमाले आत घेतलं असतं तर माह्या बापानं मले दुसऱ्याच दिवशी गाडीत घालून नेलं असतं, अन् चार गावात तमाशा केला असता. म्हणून तुमाले मेलेलंच ठेवलं. नवीन खोटं बोलावं नाही लागलं, जुनंच पुढं चालवलं.

मी म्हटलं, अन् माहे लेकरं गेले तवा तुम्ही सांगू नाही शकले, का झुंबर, थोरली कोपली नाही, थोरली जिती आहे? मी उपाशी तिच्यापुढं लोळत होती, तुम्ही पाहात होते.

तर काय म्हणावं त्याईनं. "तुले समजत नाही. ती आली तर पूजेले माह्या शेजारी ती बसल. तू मागं. लोक तुले धाकटी म्हणतीन. आज तू घराची मालकीण आहे, उद्या राहणार नाही. मी तुह्याचसाठी गप्प राह्यलो."

बाई, खरं सांगते. मी ह्या घरात सोळा वरसं धान्य निवडलं, म्हशी राखल्या, सासूबाईचं शेवटचं सगळं केलं. धाकटी व्हायची मले हौस नाही. तुमच्यासाठी पाट मांडून मागं सरकायची तर बिलकुल नाही. मी ताट उचललं अन् म्हटलं, बसू द्या तिले शेजारी. माह्या गळ्यात बसण्यापरीस ते बरं.

ते जेवले नाही. मी जेवली. भूक लागली होती.

झुंबर


श्रावण वद्य अष्टमी

थोरल्या बाईंस,

तुमचा निरोप भेटला. "त्या उंबऱ्यात मी पाय ठेवणार नाही. ज्यानं आतून ऐकलं त्याचं तोंड पाहायचं नाही." बरोबर आहे. मी तुमच्या जागी असती तर याच्याहून वाईट बोलली असती.

पण माहं ऐकून घ्या अन् मंग नाही म्हणा.

मी ही गिन्नी आजच्या आज काढून ठेवू शकते. काय होईल? बाया म्हणतीन, झुंबरनं सवत उतरवली, आता पाहा हिचं काय होते. कौशल्येले साधा ताप आला तरी म्हणतीन, थोरली कोपली. तुम्ही धामणगावात गोधड्या शिवत बसान अन् इथं तुमचं भूत पोरी खात फिरल. खुर्शीदाबीनं सांगितलं म्हणून कोणी मानणार नाही. मी सांगितलं तर म्हणतीन, हिले बाधा झाली. तुमाले डोळ्यानं पाह्यल्याबिगर ह्या गावात तुम्ही जित्या होणार नाही.

म्हणून अविधवा नवमीले या. दुसऱ्या दिवशी नोका येऊ, त्याच दिवशी या. दरसाल तुमच्या नावानं जेवलेल्या सगळ्या सवाष्णी मी यंदा एकाच वक्ती बोलावल्या आहे. सरस्वतीबाई आहे, रुखमाबाई आहे, वाण्याची सून आहे. चुलतसासरे शालिग्राम पाटीलही येतीन, ते तुमाले ओळखतात, तुमच्या लग्नात त्याईनंच अंतरपाट धरला होता. अन् पानावर बसाले तुम्ही. तुमच्या नावाचं जेवण तुम्हीच जेवा. बाकीच्या बाया इतके वरसं तुमचं पुरण खाऊन राह्यल्या, एखाद्या साली तुम्ही खाल्लं तर कोणाचं काय गेलं.

हे म्हणतात, त्या दिवशी मी मळ्यात जाईन. मी सांगितलं, जा. पण सवाष्णीच्या हातात लुगडं घरधन्यानंच द्यायचं असते, ते घरधन्यावाचून अडून राह्यलं तर सगळ्या बायाईले कारण मी सांगीन. तवापासून मळ्याची गोष्ट निघत नाही.

तुम्ही म्हणसान, झुंबर, तुले याच्यात काय भेटते? काही भेटत नाही. तोटाच आहे. शालिग्राम पाटील मले उभं-आडवं बोलतीन. माहा बाप आज असता तर त्यानं मले घरात घेतलं नसतं. पण मले रोज सकाळी आरशात पाहून कुंकू लावा लागते, अन् बोट आधी गिन्नीकडं जाते. आता ते बोट जात नाही. तीन महिने झाले, मी तिले कुंकू लावलं नाही. नुसतं पाण्यानं धुते अन् लुगड्याखाली लपवते. असं किती दिवस चालल?

राहायसाठी या, असं मी म्हणत नाही. नांदाले या, असंही म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. एक जेवण जेवा अन् मंग पाहिजे तर परत जा. धामणगावहून मोटारीनं बुलढाणा, तिथून चिखली. चिखलीले कादरभाई गाडी घेऊन उभे राहतीन, मी त्याईले सांगितलं आहे. खुर्शीदाबी तुमच्यासोबत येईल.

अन् नाहीच आल्या, तर मी पान वाढीन, वर दुसरं पान झाकीन, फडक्यात बांधीन अन् घेऊन धामणगावले येईन. भर बाजारात तुमच्या गोधड्यावर ठेवीन अन् सगळ्या गावाले सांगीन हे कोणाचं जेवण आहे. तुमाले लाज वाटली तरी मले वाटणार नाही. माहा स्वभाव तुमाले अजून कळला नसल तर खुर्शीदाबीले विचारा.

वाट पाहते.

झुंबर


भाद्रपद अमावास्या

थोरल्या बाईंस,

घरी सुखरूप पोचल्या हे कादरभाईनं सांगितलं. चिखलीच्या मोटारीत खिडकीपाशी बसाले जागा भेटली, हेही सांगितलं. बरं झालं.

तुमाले माहीत आहे ते तुमालेच काय सांगू. पण तुम्ही खाली मान घालून जेवत होत्या, तवा जे तुमाले दिसलं नाही ते सांगते.

तुम्ही दारातून आत आल्या तवा रुखमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला नाही, सोडला. मी मोठ्यानं म्हटलं, ही वच्छलाबाई, ह्या घरची थोरली. इतके वरसं तुम्ही सगळ्या हिच्या नावानं जेवल्या, आज ही स्वतः जेवाले आली. वाण्याची सून तर तुमचे पाय पाहात होती, उलटे आहे का सुलटे. तुम्ही पाटावर बसल्या, चित्राहुती घातल्या, कढीचा भुरका मारला अन् माह्याकडं वाटी केली. म्हणे, "वाढ वं. कढी चांगली झाली." त्याच्यावर सरस्वतीबाईले हसू आलं. मंग सगळ्याच जेवाले बसल्या. भुतं काही दुसऱ्यांदा कढी मागत नाही.

शालिग्राम पाटील ओसरीत खांबाले टेकून बसले होते. त्याईनं तुमाले पाह्यलं, डोळे पुसले अन् एवढंच म्हटलं, "हाव, हीच ती." मले वाटलं होतं पह्यलं बोलणं मलेच खावं लागल. तसं झालं नाही. ते नंतर झालं.

मंग हे लुगडं घेऊन आले. ते तुमच्यापुढं उभे राह्यले तवा तुम्ही वर पाह्यलं नाही, पण मी पाह्यलं. लुगडं हातात होतं अन् हात पुढं येत नव्हता. ओठ हलले, काय बोलले ते मलेही ऐकू आलं नाही. अन् तुम्ही घास गिळून, सगळ्या बायाईच्या देखत, त्याईचं नाव घेतलं. बांगड्या भरताना घेता तसं नव्हे. सरळ. "शेषराव, लुगडं खाली ठेवा अन् बाजूले व्हा. बायाईले जेवू द्या."

बाई, ह्या गावात कोण्या बायकोनं नवऱ्याले असं हाक मारलेलं मी तर ऐकलं नाही. त्याईनं लुगडं ठेवलं अन् बाजूले झाले. तवापासून ते मळ्यातच आहे. भाकर गड्याबरोबर धाडते. येतीन तवा येतीन, मी बोलवाले जाणार नाही.

गिन्नी मी काढली तवा माही मान हलकी होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही, नुसती खाज सुटली. तुम्ही ती हातात घेतली, पदरानं पुसली, नथीवर नख फिरवलं अन् कनवटीले लावली. मी म्हटलं राहा दोन दिवस. तुम्ही म्हणे, गोधडीचं काम अंगावर आहे, थंडीच्या आधी द्यायची आहे. मले राग आला होता, आता नाही.

तुम्ही गेल्यावर शालिग्राम पाटील बोलले, अन् चांगलंच बोलले. घराची अब्रू चुलीत घातली म्हणे. मी सांगितलं, मामंजी, अब्रू होती तर ती सोळा वरसं धामणगावात गोधड्या शिवून राह्यली होती, मी तिले जेवाले बोलावलं. ते उठून गेले. रुखमाबाई आता हळदी-कुंकवाले येत नाही. वाण्याची सून उलट रोज येते, माह्या गळ्याकडं पाहाले. कौशल्येनं विचारलं, आई, आता ती माही कोण. मी सांगितलं, मोठी आई. पोरीनं मान हलवली अन् खेळाले गेली.

आता माहं एक काम.

परवा ताप आला होता. काही नाही, पावसात भिजली एवढंच. पडल्या पडल्या मनात आलं, मी गेली तर काय होईल? हे काही वाईट माणूस नाही, तुमाले राग येईल, पण नाही. ते फक्त कोणाच्या पुढं बोलत नाही. कोणी येऊन सांगितलं का झुंबर गेली, तर ते मान हलवतीन. महिना-दोन महिन्यानं कोणी पोरगी दाखवल, तर मान हलवतीन. अन् तिच्या गळ्यात माह्या नावाचं काही घालतीन. मी खरंच गेली का नाही, हे पाहाले उंबऱ्याबाहेर येणार नाही.

म्हणून तुमच्यापाशी मागते, दुसऱ्या कोणापाशी मागाले माणूस नाही. उद्या खुर्शीदाबीनं, टपालवाल्यानं, कोणीही येऊन सांगितलं का झुंबर मेली, तर ऐकून बसू नोका. गोधडी हातात असल तरी खाली ठेवा अन् या. कोणी उंबऱ्यात आडवं आलं तर त्याले बाजूले करा. माह्या तोंडावरचं लुगडं काढा, हात लावा अन् तुमच्या डोळ्यानं पाहून घ्या. तुम्ही हाव म्हटल्याबिगर मले मेलेली समजू देऊ नोका.

तुमच्या बाबतीत मी हेच करीन.

तुमची धाकटी,
झुंबर